छत्तिसात अडतीस

रविवारी सकाळी कसब्यात नाहीतर मंडईत हल्ली एक जमात हिंडताना दिसते. वयं एकोणीस-वीस, मुलांचेही केस बांधलेले, गळ्यात आजोबांच्या कपाटातून निघालेला रोलचा कॅमेरा. फुले मंडईच्या मनोऱ्याकडे ही मुलं अशा हळहळीने बघतात, की १८८६ साली मंडई उघडली त्या दिवशी आपण इथे नव्हतो ही जणू घरच्यांचीच चूक आहे. या घोळक्यात एक गृहस्थ पन्नाशीचे असतात. अर्ध्या बाह्यांचा इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, पोटावर किलोभर वजनाचा रशियन कॅमेरा. बघणाऱ्याला वाटतं, हे मुलांचे सर असावेत. सर वगैरे काही नाही. मुलांइतकेच नवशिके आहेत. ते आमचे बापू.

बापू एका सहकारी बँकेत कर्जाचे अर्ज तपासतात. माणसाने आणलेल्या बारा कागदांत नसलेला तेरावा कागद त्यांना आधी दिसतो. ‘नामंजूर’ हा शब्द ते इतका सुबक लिहितात, की काही अर्जदार म्हणे तो कागद परत न्यायला येतात. असा माणूस फोनवरच्या फोटोंत रमणं शक्यच नव्हतं. फोनमध्ये नकार द्यायला कारणच उरत नाही. चिरंजिवांच्या फोनमध्ये चौदा हजार फोटो आहेत हे कळलं, त्या रात्री बापूंनी मागचा भात घेतला नाही. रोलमध्ये मात्र जागा छत्तीस आणि अर्जदार अख्खं पुणे. बापूंना त्यांचं खातं सापडलं.

घरात मंजुरीचे अधिकार वहिनींकडे. त्यांनी महिना बाराशे रुपये मंजूर केले. ‘यात काय बसवायचं ते बसवा, वर एक रुपया मिळायचा नाही.’ दुसरा कोणी असता तर खट्टू झाला असता. बापूंचा चेहरा उजळला. छंद महागातला आणि हातात पैसे नाहीत, याहून चांगला मुहूर्त त्यांना कुठला मिळणार?

कॅमेरा जुन्या बाजारातला. मंगळवार पेठेतला हा बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. बापू दीडेक महिना दोन्ही वारी गेले आणि रिकाम्या हातांनी परतले. रिकाम्या हातांनी म्हणजे उदास होऊन नव्हे; काय काय घेतलं नाही ते सांगताना त्यांचा आवाज चढायचा. एकदा मी बरोबर होतो म्हणून तपासणी पाहायला मिळाली. उकिडवे बसून त्यांनी एक झेनिट उचलला, कानाशी नेऊन हलवला. मागचं दार उघडून आभाळाकडे रोखला आणि एकेका वेगाला शटर उडवत गेले. उजेडाचा चौकोन पुरता दिसतो की अर्धा, हे डोळा लावून पाहायचं. मग फोनची बॅटरी भिंगातून आरपार मारून बुरशीचे धागे शोधले. दाराच्या खाचेतला काळा फोम नखाने टोकरला, त्याचं डांबर झालेलं होतं. विकणारा कंटाळला. म्हणाला, ‘काका, शोपीस म्हणून घ्या ना. हॉटेलवाले नेतात.’

बापू दीड महिना या वाक्याची वाट पाहत होते.

‘शोपीसच ना? मग भाव शोपीसचा लावा.’

अडीच हजार सांगितलेला झेनिट-ई अकराशेला सुटला आणि घरी पोचेपर्यंत परत कॅमेरा झाला. त्या महिन्याचे शंभर उरले, ते बापूंनी जाहीरपणे वहिनींना परत केले. पुढे कित्येक दिवस त्या शंभराचा उल्लेख ते करत होते.

झेनिटच का, याचंही कारण पक्कं आहे. याला सेल लागत नाही. त्या काळातल्या कितीतरी कॅमेऱ्यांना पाऱ्याचे सेल लागतात आणि ते आता बनत नाहीत. मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्याने हा कॅमेरा निव्वळ स्प्रिंगांवर चालेल असा केला. वरचा प्रकाशमापक सेलेनियमचा, उजेडावर चालणारा. तो केव्हाच निकामी झाला होता. बापूंना त्याचं दुःख नाही. ‘मीटर चालू असता तर अकराशेला दिला असता का?’ फोमच्या जागी काळी लोकर बसवली, ती वहिनींच्या विणकामातली. चिरंजिवांच्या स्वेटरची एक बाही तेव्हापासून मनगटाच्या अलीकडे थांबते.

मीटर नसेल तर उजेड मोजायचा नियम जुना आणि फुकट आहे. लख्ख उन्हात अ‍ॅपर्चर १६ वर ठेवायचं आणि शटरचा वेग फिल्मच्या स्पीडच्या जवळचा. १०० च्या रोलला सेकंदाचा १२५ वा भाग. सावलीच्या कडा मऊ पडल्या तर ११, सावली जेमतेम दिसली तर ८, नाहीशी झाली तर ५.६. मुलं हे आभाळाकडे पाहून ठरवतात. बापू समोरच्याला उभं करून हात पुढे करायला लावतात आणि जमिनीवरची हाताची सावली कमरेत वाकून पाहतात. मंडईत एका भाजीवालीला त्यांनी असा हात पुढे करायला सांगितला. तिने आधी सुटे पैसे काढून ठेवले. मग काहीतरी उमजून तळवा उताणा केला आणि विचारलं, ‘दादा, पोरीचं लग्न कधी जमंल?’ बापू सावलीवरची नजर न काढता म्हणाले, ‘अकरा.’ बाई खूश. पातीच्या कांद्याची एक जुडी तिने पिशवीत घातली, पैसे घेतले नाहीत. तेवढ्यात ढग आला. बापूंनी कॅमेरा खाली केला.

‘प्रकाश बरोबर नाही.’

हे त्यांचं आवडतं वाक्य. पर्वतीच्या १०३ पायऱ्या किलोभर लोखंड घेऊन चढायच्या, वरून शहराकडे अर्धा तास बघायचं आणि म्हणायचं, प्रकाश बरोबर नाही. त्यांच्याबरोबर फिरायला जाणाऱ्याने एक लक्षात ठेवावं: बापूंनी कॅमेरा डोळ्याला लावला म्हणजे फोटो काढला असं नव्हे. लावतात, भिंगाची कडी फिरवतात, श्वास रोखतात, आणि उतरवतात. तेव्हा चेहऱ्यावर जे समाधान दिसतं ते फोटो काढल्यावर दिसत नाही. काढल्यावर दिसतो तो खर्च.

कारण प्रत्येक फोटोची नोंद आहे. बँकेच्या जुन्या डायरीत रकाने पाडलेत: तारीख, स्थळ, अ‍ॅपर्चर, शटर, कारण. ‘कारण’ या रकान्यात एका पहाटे लकडी पुलावर काढलेल्या फोटोपुढे ‘मोह’ असं लिहिलेलं मी पाहिलं आहे. शेवटी नामंजुरांची वेगळी यादी, आणि ती मंजुरांच्या पाचपट लांब. रोल नऊशेचा, म्हणजे एक फोटो पंचवीस रुपये. आता गंमत अशी, की छत्तिसाच्या रोलमध्ये फिल्म थोडी जास्तच असते. सुरुवातीचा तुकडा कॅमेऱ्यात भरताना उजेड खातो. उजेड दाखवलाच नाही तर तो तुकडा वाचतो. म्हणून बापू रोल भरतात तो रात्री दिवे घालवून, रजईत शिरून, हातानेच चाचपत. अशाने छत्तिसात अडतीस निघतात. नऊशे भागिले अडतीस, तेवीस रुपये अडुसष्ट पैसे. फोटोमागे एक रुपया बत्तीस पैसे निव्वळ बचत. हा आकडा त्यांनी मला सांगितला, चिरंजिवांना सांगितला, आणि माझी खात्री आहे की बँकेत कर्ज मागायला आलेल्या एखाद्या गरजूलाही सांगितला असेल.

मुदत संपलेल्या रोलवर त्यांची विशेष माया. दर दहा वर्षांना साधारण एक स्टॉप उजेड जास्त द्यावा असा त्यातला ढोबळ संकेत आहे. दुकानदाराकडे असा रोल निघाला की बापू संकेत बाजूला ठेवून आधी सूट मागतात. परदेशी रोलचे भाव ऐकले की एक सुस्कारा ठरलेला: ‘आज इंदू असती तर...’ वहिनींनी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पोळी तव्यावरच राहिली. इंदू म्हणजे हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कंपनीची फिल्म, कंपनी १९६० साली उटीला निघाली आणि कालांतराने बंद पडली, हा सगळा इतिहास साद्यंत ऐकून घेतल्यावरच पुढची पोळी ताटात पडली.

तर रोल नऊशेचा. धुऊन घ्यायचा तर वर चार-पाचशे. बाराशेत हे बसत नाही. बसवायचं तर आहेच. इथे त्या केस बांधलेल्या मुलांनी बापूंना एक विद्या दिली आणि घराची शांतता संपली.

कृष्णधवल फिल्म कॉफीत धुता येते. थट्टा नाही, अमेरिकेतल्या रॉचेस्टरच्या तंत्रज्ञान संस्थेत एका वर्गाने १९९५ साली हे करून पाहिलं. कॉफीतलं कॅफिक आम्ल डेव्हलपरचं काम करतं, धुण्याच्या सोड्याने त्याला जोर येतो, क जीवनसत्त्वाने आणखी. लिटरला ४० ग्रॅम इन्स्टंट कॉफी, ५४ ग्रॅम निर्जल सोडा, १६ ग्रॅम जीवनसत्त्व, पाणी २० अंशांवर, वेळ १५ मिनिटं. मी कागदावर हिशेब मांडून दाखवला: बापू, कॉफी काही स्वस्त नाही. डेव्हलपरची तयार पावडर आणलीत तर रोलमागे कमीच पडेल. बापूंनी स्वयंपाकघराकडे एक नजर टाकली आणि आवाज उतरवला.

‘पडेल. पण पावडर माझ्या बाराशेतून येईल. कॉफी वाणसामानात येते.’

सोडा वाणसामानात. फिल्म थांबवायला व्हिनेगर वाणसामानात. शेवटच्या पाण्यात घालायचा भांड्यांच्या साबणाचा थेंब वाणसामानात. मे महिन्यात पुण्याचं नळाचं पाणी तिशीच्या घरात जातं, ते २० वर आणायचा बर्फ फ्रिजमधला, म्हणजे वीजबिलात. क जीवनसत्त्व औषधांच्या खर्चात गेलं. दोन महिन्यांनी वहिनींनी वाण्याची यादी वाचली आणि विचारलं, ‘या घरात कॉफी पितं कोण?’ बापू त्या वेळी आंघोळीला गेले ते बराच वेळ आंघोळच करत होते.

एकच वस्तू वाण्याकडे नव्हती: हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट. हिने फोटो पक्का होतो, हे जॉन हर्शेलने १८३९ साली दाखवून दिलं, आणि स्वस्तात ती शोभेच्या माशांच्या दुकानात मिळते, हे बापूंना मुलांनी सांगितलं. टाकीच्या पाण्यातलं क्लोरीन घालवायला तिचे खडे वापरतात. दुकानदाराने सहज विचारलं, ‘मासे कोणते?’ बापूंना खरं सांगायला हरकत नव्हती. पण फोटोचं कळलं तर भाव वाढवतील अशी शंका आली आणि तोंडातून गेलं, ‘गोल्डफिश. चार.’ आता दर महिन्याला चौकशी होते. एक मासा आजारी पडून गेला. खरेदी किलोवर गेली तेव्हा मोठी टाकी घेतली. मध्यंतरी दुकानदाराने आपुलकीने खाद्याचं पाकीट फुकट दिलं, ते बापूंनी अर्थातच घेतलं. ते घरात तसंच पडून आहे आणि आता खरोखर मासे आणावेत की काय असा विचार चालू आहे, कारण खाद्य वाया जातंय.

प्रत्यक्ष धुण्याचा विधी रात्री दहानंतर. काळी पिशवी विकत घ्यायची नाही म्हणून वडिलांचा काळा कोट: बटणं लावलेली, बाह्यांतून उलटे हात घातलेले, वर दोन रजया, आणि हे सगळं उकाड्यात, कॉटखाली. आतून बापूंचा घुसमटलेला आवाज येतो: ‘सरकत नाहीये... सरकली... नाही.’ घामाने ओली बोटं आणि प्लॅस्टिकच्या चक्रीत अडकलेली फिल्म, याला उपाय नाही. मग डबी बंद, बापू बाहेर, चष्म्यावर वाफ. कॉफी आणि सोडा एकत्र आले की जो वास सुटतो त्याचं वर्णन मी करणार नाही. वरच्या मजल्यावरचे आजोबा ड्रेनेजची तक्रार घेऊन खाली आले होते एवढंच सांगतो. बापू मोरीत उकिडवे, डाव्या हातात घड्याळ. पहिलं मिनिटभर डबी सतत उलटसुलट, पुढे मिनिटाला तीनदा. हायपोत मात्र ते बेसुमार वेळ देतात. आधी फिल्मचा कापलेला तुकडा बुडवून त्याचा दुधाळपणा किती वेळात जातो ते पाहायचं आणि रोलला दुप्पट वेळ, असा नियम. बापू तिप्पट देतात, कारण वेळ फुकट आहे.

आणि मग चक्री उघडून ओली पट्टी दिव्यापुढे धरली, की बापूंमधला बँकवाला काही क्षण रजेवर जातो. बोटाएवढ्या चौकटीत पांढरं आभाळ काळं, काळी छत्री पांढरी, आणि मधे उभा असलेला मंडईतला हमाल, डोक्यावर हारा, मान किंचित तिरकी. चांगला फोटो होता. मी तसं म्हणालो. बापूंचे डोळे ओलावले, अर्थात सोड्याच्या वाफेनेही असेल. पट्टी वाळत पडते ती वहिनींच्या गाउनशेजारी, खाली वजनाला कपड्यांचा चिमटा. सकाळी ती उजळ पडद्यावर ठेवून बापू चिरंजिवांच्या फोनने तिचा फोटो काढतात आणि उलटा करून घेतात. वहिनी चहा ठेवताना एकच वाक्य बोलतात:

‘शेवटी फोनमध्येच ना?’

यावर बापूंनी एकदा फाळके काढले होते. राजा हरिश्चंद्राच्या वेळी, म्हणजे १९१३ च्या आधीच्या त्या धामधुमीत, दादासाहेब दिवसा चित्रण करायचे आणि सरस्वतीबाई घर सांभाळून फिल्मला भोकं पाडायच्या, धुवायला मदत करायच्या. नवऱ्याच्या पाठीशी अशी उभी राहिलेली बाई म्हणून... एवढ्यावर वहिनींनी थांबवलं. ‘फाळक्यांनी विमा गहाण टाकला होता. तुमच्या विम्याचे हप्ते मी भरते.’ त्यानंतर फाळक्यांचं नाव घरात निघत नाही. लॉ कॉलेज रस्त्यावरून जाताना मात्र बापू चित्रपट संग्रहालयाच्या इमारतीकडे बघून मान तुकवतात. १९६४ पासून हे लोक रिळं जपून ठेवतात आणि रोजच्या रोज नवीन काढत बसत नाहीत, हे त्यांना पटलेलं आहे.

बापूंची खरी कसोटी लागली ती वहिनींच्या भाच्याच्या मुंजीत. कार्यालयाचा फोटोग्राफर होताच, पण हल्ली रोलवरच्या फोटोंना मान आलाय, म्हणून मेहुण्याने आग्रह धरला: भावोजी, तुमचेही पाहिजेत. ४०० चा नवा रोल आदल्या रात्री रजईत भरला गेला. सकाळी डायरीत वाटप तयार होतं: मंगलाष्टकं चार, मातृभोजन तीन, भिक्षावळ पाच, बटू एकटा दोन, वहिनींच्या माहेरची माणसं एकत्रित एक.

झेनिटचं शटर पडतं तेव्हा दबका आवाज होत नाही. अंतरपाटाच्या वेळी पहिला फोटो निघाला आणि गुरुजींचा एक चरण गडबडला. पण बापू त्या दिवशी लयीत होते. मातृभोजन, भिक्षावळ, पहिल्या पंगतीत उदबत्तीच्या धुरामागे बसलेले दोन वृद्ध. मलाही बघूनच कळत होतं की हे जमतंय. दुपारपर्यंत पस्तीस झाले. छत्तीस. मग सदतीस, अडतीस, आणि खटका पुन्हा ओढला गेला. बापूंनी माझ्याकडे पाहिलं. एकोणचाळीस. ‘रशियन माणूस मापात पाप करत नाही हो,’ ते कुजबुजले. चाळिसाला त्यांनी पेन काढून तिथेच भागाकार केला: साडेबावीस. एक्केचाळिसाला मेहुण्याला स्वतंत्र फोटो मंजूर झाला. बेचाळिसाला गुरुजींना. बापू कधी नव्हे ते उधळले होते. आचाऱ्याचा फोटो काढला, आणि चव्वेचाळिसावा तर नुसत्या रिकाम्या खुर्च्यांचा.

जेवायला आलेल्या त्या केस बांधलेल्या मुलांपैकी एकाने ताटावरून विचारलं, ‘काका, खटका ओढताना रिवाइंडची चकती फिरत होती ना?’

बापूंनी जिलबी खाली ठेवली.

आम्ही कार्यालयाच्या कोठीत गेलो. त्यांनी चकती दोन बोटांनी फिरवली. ती भाराशिवाय गरगर फिरली. मागचं दार उघडलं. रोल आपल्या जागी गच्च गुंडाळलेला होता आणि त्याचं टोक पलीकडच्या दांड्यात न अडकता तसंच लोळत होतं. रजईतल्या अंधारात ते निसटलं होतं आणि सकाळपासून झेनिट नुसताच वाजत होता. मला काय बोलावं सुचेना. बापू टोकाकडे बराच वेळ पाहत राहिले, दार लावलं, डायरी काढली, चव्वेचाळीस नोंदींना मिळून एक उभा कंस घातला आणि शेजारी सुबक अक्षरात लिहिलं, ‘नामंजूर’. तेवढ्या वेळात त्यांचा चेहरा पालटत गेला. बाहेर आले तेव्हा चालीत जोर होता.

मेहुणा दारातच भेटला. ‘भावोजी, फोटो कधी?’

‘प्रकाश बरोबर नव्हता,’ बापू म्हणाले आणि थेट वहिनींकडे गेले. ‘अगं, रोल नवाकोरा आहे! नऊशे वाचले. कॉफी वाचली ती वेगळी.’

वहिनींनी त्यांच्या हातात मसाल्याचं दूध दिलं.

‘छान झालं. मग पुढच्या महिन्याचे तीनशेच मिळतील.’